तेरेखोलच्या काठावरचा पक्षी कोणत्या राज्याचा?

पक्षीनिरीक्षकाची नोंद चार गोष्टींवर उभी असते : कोणता पक्षी, किती, केव्हा आणि कोठे. पहिल्या तिन्हींवर जाणकारांत पुष्कळ चर्चा होते. चौथी बहुधा निमूटपणे लिहिली जाते, कारण आपण कोठे उभे आहोत हे प्रत्येकाला ठाऊक असते. सीमेवरच्या नदीकाठी मात्र हा सरळपणा संपतो. पाहणारा एका तीरावर, पक्षी दुसऱ्या तीरावर किंवा मधल्या पाण्यावर, आणि त्या पाण्यातूनच दोन राज्यांची सीमा गेलेली. अशी नोंद कोणत्या राज्याच्या खात्यावर पडावी, हा प्रश्न गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल नदीकाठी पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकासमोर केव्हा ना केव्हा येतो. तो वरवर हौशी लोकांच्या यादीपुरता वाटतो. प्रत्यक्षात त्याचे धागे नकाशे, जुने तह आणि वृक्षतोडीचे कायदे यांच्यापर्यंत पोहोचतात.

नदी एक, उत्तरे तीन

तेरेखोल नदी सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावते आणि नैऋत्येकडे वाहत अरबी समुद्रास मिळते. वरच्या भागात तिला बांद्याची नदी म्हणतात. बांदा येथे तिचे दोन्ही तीर महाराष्ट्राचे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी तालुक्याचे आहेत. तेथे पुलावरून खंड्या दिसला, तर तो डाव्या काठावर बसला होता की उजव्या, याने राज्य बदलत नाही. खाली उतरल्यावर चित्र पालटते. उत्तरेच्या अंगाला सावंतवाडीतील आरोंद्यासारखी गावे, तर दक्षिणेला गोव्याचा पेडणे तालुका. या टप्प्यात नदी हीच सीमा आहे आणि किरणपाणीच्या काठावरून समोर दिसणारी खारफुटी महाराष्ट्राची आहे.

येथवर आलेला निरीक्षक साहजिकच एक सोपा नियम मनाशी बांधतो : दक्षिण तीर गोव्याचा, उत्तर तीर महाराष्ट्राचा. मुखापाशी हा नियम फसतो. केरीच्या किनाऱ्यावरून पलीकडे दिसणारी टेकडी, तिच्यावरील किल्ला आणि पायथ्याचे तेरेखोल गाव उत्तर तीरावर असूनही गोव्याचे आहे. वाडीकर सावंत भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये जिंकला आणि पुढे तो त्यांच्याच ताब्यात राहिला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला, तो याच कारणाने : नदीच्या उत्तरेला असलेली ही पोर्तुगीज सत्तेची खूण भारतीय हद्दीतून पायी गाठता येत होती. १९६१ च्या मुक्तीनंतर परकीय सरहद्द गेली, रेषा तेवढी उरली. आजही केरीहून फेरीबोटीने गेले तर माणूस गोव्यातून गोव्यातच उतरतो. गाडीने पुलावरून गेले तर मात्र महाराष्ट्रातून वळसा घालून तेरेखोलला पोहोचतो. गावाच्या उत्तरेला लागूनच वेंगुर्ले तालुक्यातील रेडी आहे.

म्हणजे केरीच्या वाळूवर उभ्या असलेल्या निरीक्षकाला पलीकडच्या टेकडीवरील उंच झाडावर समुद्र गरुड बसलेला दिसला, तर ती नोंद निःसंशय गोव्याची. तोच गरुड उडून नदीने आत गेला आणि आरोंद्याच्या बाजूला एखाद्या झाडावर विसावला, तर तेथील नोंद महाराष्ट्राची. आणखी आत, बांद्यापर्यंत गेला, तर प्रश्नच उरत नाही. पक्ष्याच्या दृष्टीने हे सारे मासेमारीचे एकच क्षेत्र आहे.

पक्षी कोठे, पाहणारा कोठे

राज्यवार, जिल्हावार याद्या ठेवण्याची हौस अमेरिकेत फार रुजलेली असल्याने या प्रश्नाचे नियमही तेथेच प्रथम लिखित स्वरूपात आले. अमेरिकन बर्डिंग असोसिएशन या संस्थेच्या नियमांचे सार असे की, पक्षी दिसला किंवा ऐकू आला त्या क्षणी तो पक्षी ठरलेल्या क्षेत्राच्या हद्दीत असला पाहिजे. निर्णायक असते ते पक्ष्याचे स्थान. हा नियम बुद्धीला पटणारा आहे. गोव्याच्या पक्ष्यांची यादी म्हणजे गोव्यात आढळलेल्या पक्ष्यांची यादी. गोव्यात उभे राहून दिसलेल्या पक्ष्यांची नव्हे. अन्यथा चांगल्या दुर्बिणीचा मालक घरबसल्या शेजारचे राज्य आपल्या यादीत ओढून आणील.

व्यवहारात आज बहुतेक नोंदी होतात त्या ईबर्ड या संगणकीय व्यवस्थेत. अमेरिकेतील कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळा आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी यांनी ती २००२ मध्ये सुरू केली आणि भारतातील पक्षीनिरीक्षकांनी गेल्या दशकात ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. या व्यवस्थेत प्रत्येक यादी नकाशावरील एका बिंदूला जोडलेली असते. तो बिंदू ज्या राज्यात, ज्या जिल्ह्यात पडतो, त्या राज्याच्या व जिल्ह्याच्या खात्यावर यादीतील सगळे पक्षी जमा होतात. मोबाइलवरून यादी सुरू केली की तो बिंदू स्वाभाविकपणे पाहणाऱ्याच्या पायाखालचा असतो. किरणपाणीच्या काठावर उभे राहून तासभर समोरच्या तीरावरचे बगळे, खंड्ये आणि ब्राह्मणी घारी टिपल्या, तर सारे पक्षी गोव्याचे ठरतात, मग त्यांतला एकही अलीकडे आलेला नसो. निरीक्षकाने काहीही खोटे लिहिलेले नसते, तरीही राज्याची यादी बदललेली असते.

यात दोष व्यवस्थेचा म्हणावा का? पूर्णपणे नाही. पाहणाऱ्याच्या जागेलाही स्वतःचे महत्त्व आहे. किती वेळ पाहिले, किती अंतर चालले, किती जण होते, ही माहिती पाहणाऱ्याशीच निगडित असते आणि पक्ष्यांची संख्या वाढते आहे की घटते आहे याचा अंदाज तिच्यावाचून बांधता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच याद्यांवर आधारलेला आहे. सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे आणि त्यांपैकी १७८ जाती अधिक चिंतेच्या मानल्या आहेत. देशभराच्या एवढ्या मोठ्या हिशेबात पक्षी नदीच्या या काठावर होता की त्या, याने फरक पडत नाही. नदीची रुंदी तेथे नगण्य ठरते. फरक पडतो तो राज्याची यादी ठेवणाऱ्याला, आणि त्याहून अधिक प्रत्यक्ष त्या काठावर काही वाचवू पाहणाऱ्याला.

म्हणून दोन्ही स्थाने नोंदवावीत, हेच योग्य. सामान्य यादी पाहणाऱ्याच्या जागेवर राहू द्यावी. पलीकडच्या तीरावर एखादा दुर्मीळ, राज्याच्या दृष्टीने महत्त्वाचा पक्षी दिसला, तर त्याची वेगळी नोंद त्या तीरावरचा बिंदू निवडून करावी आणि पहिल्या यादीतून तो वगळावा. दोन्हीकडे ठेवला तर एक पक्षी दोन होतो.

उडणाऱ्या पक्ष्यांचे काय? सुरय पाण्यावरून येरझाऱ्या घालतात आणि एका मिनिटात चार वेळा सीमा ओलांडतात. जो पक्षी दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष दिसला, तो दोन्ही राज्यांच्या यादीत जाण्यास हरकत नाही, कारण जातींची यादी म्हणजे शिरगणती नव्हे. गणना करताना मात्र सावध राहावे लागते. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत किंवा फेब्रुवारीतील जागतिक पक्षीगणनेत केरीच्या बाजूने एक गट आणि आरोंद्याच्या बाजूने दुसरा गट उभा राहिला आणि दोघांनी मधल्या वाळूच्या पट्ट्यावरचे तेच कुरव मोजले, तर बेरीज दुप्पट होते. उपाय साधा आहे : दोन्ही गटांनी आधी बोलून घ्यावे, पट्टा कोणी मोजायचा हे ठरवावे आणि वेळ एकच ठेवावी. दोन्ही तीरांवर एकच भाषा बोलली जात असताना हे एवढे संभाषण अवघड नसावे.

पाण्यातली रेषा कोठे असते?

नदी ही सीमा, असे आपण सहज म्हणतो. पण नदीला रुंदी असते आणि सीमेला नसते. रेषा मधोमध जाते, सर्वांत खोल धारेतून जाते, की एखाद्या काठाला चिकटून? याचे सार्वत्रिक उत्तर नाही. प्रत्येक नदीचे उत्तर तिच्या इतिहासात असते.

अमेरिकेतील कनेक्टिकट नदी व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांमधून वाहते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३३ मध्ये निर्णय दिला की सीमा पश्चिमेच्या, म्हणजे व्हरमाँटच्या, काठावरील ओहोटीच्या पाणरेषेवर आहे. परिणामी नदीचे जवळजवळ सारे पाणी न्यू हॅम्पशायरचे झाले. व्हरमाँटच्या काठावर बसून समोर पोहणारी बदके पाहणारा माणूस शेजारच्या राज्याचे पक्षी पाहत असतो. ओहायो नदीची कथा आणखी विचित्र आहे. केंटकी राज्याची हद्द नदीच्या उत्तर काठावरील १७९२ सालच्या पाणरेषेपर्यंत आहे, असे १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्यानंतरच्या काळात धरणांमुळे नदीचे पाणी चढले, म्हणून ती जुनी रेषा आता पाण्याखाली आहे. अमेरिकी पक्षीनिरीक्षक यावरून वाद घालतात, तेव्हा ते नकळत दोनशे वर्षांपूर्वीच्या पाणरेषेवर वाद घालत असतात.

आपल्याकडे उत्तरेच्या नद्या पात्र बदलतात. गंगा व घाघरा यांच्या पात्रबदलामुळे बिहार आणि उत्तर प्रदेश यांच्या हद्दी दरवर्षी हलत. गावे आणि शेते या काठावरून त्या काठावर जात. अखेर १९६८ च्या कायद्याने तेथे स्थिर सीमा ठरवण्यात आली. यमुनेबाबत हरियाणा व उत्तर प्रदेश यांच्यासाठी असाच कायदा १९७९ मध्ये झाला. खोल धारा ही हलती सीमा जाऊन तिच्या जागी जमिनीवर आखलेली ठाम रेषा आली. याचा एक परिणाम पक्षीनिरीक्षकाने ध्यानात ठेवावा : अशा ठिकाणी नदी ओलांडली म्हणजे राज्य बदलले असे होत नाही. नदी सरकली, रेषा राहिली.

ग्वाल्हेरकडच्या वाचकांना चंबळचे उदाहरण जवळचे वाटेल. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांत पसरलेले राष्ट्रीय चंबळ अभयारण्य एका नदीचे आहे, पण त्याचा कारभार प्रत्येक राज्याचा वनविभाग आपापल्या हद्दीत पाहतो. पाणचिरा हा संकटग्रस्त पक्षी तेथे उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. पाणी उतरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, गुरे, माणसे घरट्यांपर्यंत पोहोचतात. ते बेट कोणाचे हा प्रश्न तेव्हा केवळ यादीचा राहत नाही. राखणदार कोणी पाठवायचा, असा होतो.

तेरेखोल एवढी भटकी नाही. तिचे पात्र डोंगर आणि खडक यांनी बरेचसे बांधलेले आहे. मुखाजवळची वाळू मात्र पावसाळ्यागणिक सरकते, आणि भरती-ओहोटीच्या फरकाने दिवसातून दोनदा नवा किनारा तयार होतो. चिखल्या आणि तुतारी यांसारखे किनारपक्षी नेमके याच उघड्या पडणाऱ्या भूभागावर चरतात.

रेषेपेक्षा याद्या जुन्या

राज्याची यादी ही कल्पना आपण जितकी प्राचीन समजतो तितकी नाही. जी. डब्ल्यू. व्हायडल या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी १८८० मध्ये, ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेव्हा नदीपलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते. महाराष्ट्र १९६० मध्ये झाला. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा निघाला. रॉबर्ट ग्रब आणि सालिम अली यांचा गोव्याच्या पक्ष्यांवरील लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७६ मध्ये आला, त्या वेळी गोवा हा दमण व दीव यांच्यासह केंद्रशासित प्रदेश होता. घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. सालिम अलींनी तर त्रावणकोर व कोचीन या संस्थानांच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिले आणि पुढच्या आवृत्तीत त्याचे नाव केरळचे पक्षी असे झाले. पक्षी तेच, मुखपृष्ठावरचे राज्य नवे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की जुन्या संदर्भातील ‘रत्नागिरी’ हे नाव आरोंद्याच्या काठालाही लागू असू शकते आणि ‘गोवा’ या शब्दात नदीच्या उत्तरेचे तेरेखोल गृहीत असते. एखादी जात गोव्यात पूर्वी आढळत होती की नाही, हे ठरवताना केवळ जिल्ह्याचे वा राज्याचे नाव पुरत नाही. गावाचे, खाडीचे, डोंगराचे नाव हवे. जुन्या संग्राहकांनी चिठ्ठीवर गावाचे नाव लिहिले असेल तेथे आपण आज निश्चिंत असतो. जेथे नुसता प्रांत लिहिला, तेथे तर्क लढवावा लागतो.

कायदा केंद्राचा, अंमल राज्याचा

समुद्र गरुडाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ दोन्ही तीरांवर सारखेच संरक्षण देतो. पण गरुड उंच झाडावर काटक्यांचे मोठे घरटे बांधतो आणि झाड ही गोष्ट राज्याची आहे. उत्तर तीरावर आरोंद्यात झाड तोडायचे, तर महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. दक्षिण तीरावर, आणि उत्तरेच्या तेरेखोलातही, गोव्याचा १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो. परवानगी देणारा अधिकारी वेगळा, अर्जाचे कार्यालय वेगळे. खारफुटीसाठी महाराष्ट्राने २०१२ पासून वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष चालवला आहे. तो नदीच्या मध्यरेषेपलीकडे येऊ शकत नाही. पेडण्याच्या बाजूला खाजन जमिनी, त्यांचे बांध आणि मानशी आहेत, आणि त्यांची काळजी हा गोव्याच्या प्रशासनाचा व गावकऱ्यांचा विषय आहे.

अशा स्थितीत घरट्याची नोंद चुकीच्या राज्याच्या खात्यावर पडली, तर ती जणू कोणाच्याच खात्यावर राहत नाही. गोव्याच्या वनखात्याकडे तक्रार गेली की ते म्हणणार, झाड आमच्या हद्दीत नाही. महाराष्ट्राच्या खात्याने नोंदी तपासल्या तर त्यांच्या बाजूला घरटे दिसतच नाही. सीमेवरील रेतीउपशाच्या तक्रारींतही हीच अडचण येते : होडी या काठाची, वाळू त्या काठाची, आणि पाहणारा तिसऱ्याच ठिकाणी उभा. दोन्ही राज्यांना उच्च न्यायालय एकच आहे, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. परंतु न्यायालयापुढे जातानाही कागदावर जागा अचूक लागतेच.

नोंद कशी लिहावी

मोबाइलने दाखवलेल्या बिंदूवर संपूर्ण विसंबू नये. झाडीत आणि कड्याखाली तो काही मीटरनी इकडेतिकडे होतो, आणि पुलावर वा होडीत असताना तेवढा फरक राज्य बदलण्यास पुरेसा असतो. शिवाय निरनिराळ्या नकाशांवर सीमारेषा तंतोतंत एकाच ठिकाणी नसतात. म्हणून टिपणाच्या जागेत एक साधे वाक्य मराठीतच लिहावे : मी किरणपाणीच्या धक्क्यावर, पक्षी समोर आरोंद्याच्या बाजूच्या खारफुटीत, अंतर अंदाजे इतके, वेळ अमुक, पाणी ओहोटीचे. एवढ्या एका ओळीने पुढच्या तपासनिसाचे काम निम्मे होते. ईबर्डवरील नोंदी तपासणारे स्वयंसेवक प्रदेशवार असतात आणि कोणती जात कोठे अपेक्षित आहे याच्या चाळण्याही प्रदेशवार लावलेल्या असतात. त्यामुळे सिंधुदुर्गात सहज स्वीकारला जाणारा पक्षी उत्तर गोव्याच्या यादीत आल्यास त्याबद्दल विचारणा होऊ शकते. विचारणा म्हणजे अविश्वास नव्हे. छायाचित्रात पक्ष्यासोबत मागचा किनारा, किल्ला किंवा पूल आला असेल, तर उत्तर देणे सोपे जाते.

हाच शिरस्ता गोव्याच्या पूर्वेकडेही उपयोगी पडतो. चोर्ला घाटात गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या हद्दी जवळजवळ येतात. तेथे दरीपलीकडच्या जंगलातून येणारी शीळ कोणत्या राज्यातील आहे, हे कानांनी ठरवणे कठीण. तेव्हा ज्या दिशेने आवाज आला ती दिशा लिहून ठेवलेली बरी. सीमेपाशी यादी थांबवून नवी सुरू करण्याची सवय लावून घेतली, तर बराचसा गोंधळ मुळातच टळतो. आणि ज्यांच्या जुन्या याद्या एका बिंदूवर दोन राज्यांचे पक्षी घेऊन बसल्या आहेत, त्यांना त्या उघडून बिंदू हलवता येतो, पक्षी वेगळे काढता येतात, टीप जोडता येते.

केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला जाताना पाण्यावर दिसलेल्या सुरयांसाठी यादी मध्येच तोडण्याची गरज नाही. दोन्ही धक्के गोव्याचे आहेत. किरणपाणी–आरोंदा पूल पायी ओलांडताना मात्र ती तोडावी.